तामोरेबाईंचा सकाळचा ब्लँक

मी तलासरीच्या कंपनीत रुजू झालो त्या सकाळी साडेआठ वाजता लॅबमध्ये एक बाई औषधाशिवाय औषधाची तपासणी करत होती. ही थाप नाही. माझ्या गोष्टींत दहा आणे थापा असतात हे डहाणूत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ही सोळा आणे खरी.

फ्लास्कमध्ये मोजून घेतलेला कॉस्टिक सोडा रटरटत होता. शेजारी घड्याळ लावलेलं, वहीत वेळ लिहिलेली. फक्त जिची तपासणी करायची ती ॲस्पिरिनची पावडर तेवढी त्यात नव्हती.

"बाई, पावडर घालायची राहिली वाटतं," मी म्हणालो. वापीत दहा वर्षं औषधं तपासलेला माणूस मी. पहिल्याच दिवशी दुसऱ्याची चूक सापडली म्हणून मनातल्या मनात पेढे वाटत होतो.

बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "राहिली नाय. घातली नाय."

"मग तपासताय काय?"

"तुला, मला, पाण्याला, हवेला आणि या काचेला. ज्यांना कोण विचारत नाय त्या सगळ्यांना."

हे २०१४ सालातलं. कंपनीचं नाव सांगत नाही. तुम्ही तिथल्या गोळ्या कधीतरी खाल्ल्या असणार, उगाच डोकं दुखायला लागेल. बाईंचं नाव रत्नप्रभा तामोरे. राहणार वरोर. घरात बोटी, जाळी आणि वाळत घातलेले बोंबील. त्या घरातून बी.एस्सी. झालेली ही पहिलीच. उंची चार फूट दहा इंच, आवाज सहा फुटी. ब्युरेटवरचा, म्हणजे ॲसिड सोडायच्या उभ्या काचनळीवरचा, आकडा डोळ्यासमोर यावा म्हणून त्या लाकडी पाटावर उभ्या राहायच्या. तो पाट लॅबमधल्या सगळ्या यंत्रांपेक्षा महाग आहे असं समजून आम्ही त्याला पाय लावत नसू. त्यांनी हाक मारली की ब्युरेटच्या टोकाला आलेला थेंब खाली पडायचा की नाही याचा विचार करत लोंबकळत राहायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता तो रिकामा फ्लास्क काय प्रकार आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वाया. ॲस्पिरिनची पावडर मोजून घेतलेल्या जास्तीच्या सोड्यात उकळायची. ॲस्पिरिन त्यातला थोडा सोडा खातं. उरलेला किती ते वरून थेंबथेंब ॲसिड सोडून मोजायचं. सोड्याला खुणेच्या थेंबानं आणलेला गुलाबी रंग गेला की थांबायचं. किती सोडा खाल्ला त्यावरून गोळीत औषध किती ते कळतं. सोपं आहे. अडचण एवढीच, की सोडा एकटं ॲस्पिरिन खात नाही. हवा खाते, उकळताना काच खाते, बाटलीत ठेवल्या ठेवल्याही तो मंदावतो. म्हणून दुसरा एक फ्लास्क घ्यायचा, तोच सोडा, तेवढाच, तेवढाच वेळ उकळायचा, औषध मात्र घालायचं नाही. तो ब्लँक. त्या आकड्यातून औषधाचा आकडा वजा केला की उरतं ते औषधाचं खरं. ब्लँक चुकला की पुढचं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं खोटं.

वापीला ब्लँक आम्हीही करायचो. म्हणजे वहीत करायचो. मागल्या पानावरचा आकडा पुढच्या पानावर आला की झाला ब्लँक. हे मी बाईंना मोठ्या मोकळेपणानं सांगितलं, आणि त्या दिवशी माझ्याकडून त्यांनी सतरा ब्लँक करून घेतले. अठराव्याला माझे हात थरथरायला लागले तेव्हा म्हणाल्या, "आता तुझा हात किती हलतो ते मला कळलं. बस, चहा पी."

"आधी आपलं काढायचं, मग दुसऱ्याचं बोलायचं." हे त्यांचं पालुपद. दिवसातून चार वेळा तरी ऐकावं लागे. आणि लॅबपुरतं असतं तर चाललं असतं. पण बाई लॅबच्या बाहेरही ब्लँक करत.

वाणगावच्या बाजारात त्यांच्याबरोबर भाजी घ्यायला जाणं म्हणजे एखाद्या खटल्याला साक्षीदार म्हणून जाणं. भाजीवाल्यानं वांगी पारड्यात टाकली की बाई म्हणत, "उतरव. आधी रिकामा काटा दाखव." तो काटा दाखवी. "आता पारड्यांची अदलाबदल कर." तोपर्यंत मागे रांग लागे, रांग थेट स्टेशनात शिरे आणि दोन गाड्या उशिरानं सुटत. (इथे माझे दहा आणे चालू आहेत.) पण एक खरं, की वर्षभरात तिथले भाजीवाले बाई दिसल्या की न सांगता पारडी रिकामी करून उभे राहायला लागले. एक म्हातारी तर ओरडायची, "आली रं आली, काट्याची बाय आली, पानी पुसा पारड्यातलं!"

एकदा त्यांना चक्कर आली म्हणून मी डहाणूच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि गंभीर तोंड केलं. बाई म्हणाल्या, "आता तो पट्टा खुर्चीच्या हाताला बांधा."

"कशाला?"

"खुर्चीचा किती येतो बघू. मग माझा सांगा."

डॉक्टर तरुण होता, चिडला नाही. त्यानं खरोखर बांधला. यंत्रानं खुर्चीला बराच वेळ दाबलं आणि शेवटी चूक म्हणून दाखवलं. "यंत्र बरं आहे," बाई म्हणाल्या, "आता गोळी लिहून द्या. ॲस्पिरिन नको, ती कशी बनते मला म्हाईत आहे."

पण त्यांचा सगळ्यात गाजलेला ब्लँक मेहतासाहेबांवर झाला. मेहतासाहेब आमचे प्लँट मॅनेजर. रोज उंबरगावहून यायचे. माणूस कडक शाकाहारी आणि नाक असं, की सुकट वरोरला भाजली तर त्यांना तलासरीत शिंक यायची. बाईंच्या डब्यात सोडे, बोंबील, जवळा असं काहीतरी रोज असायचं. एक दिवस साहेब लॅबमध्ये आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "तामोरेबेन, आ शुं छे? लॅबमध्ये मच्छीचा वास. ऑडिटवाले काय म्हणतील? डबा बाहेर खायचा तुम्ही."

बाईंनी डबा बंद केला. दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात जेवायला लागल्या. आठवड्यानं साहेब पुन्हा आले, पुन्हा रुमाल. "बघा, आज पण वास! तुम्ही ऐकत नाही, बेन."

बाईंनी डबा साहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि झाकण काढलं. आत बटाट्याची भाजी.

"आज तिसरा दिवस आहे, साहेब. तीन दिवस मी बटाटा आणते. वास तुमच्या नाकात आहे, तेवढा वजा करा."

साहेबांचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग रंगच गेला, अगदी नेमका शेवटच्या थेंबाला जातो तसा. डबा पुन्हा आत आला. पण साहेब ते विसरले नाहीत, हे पुढच्यासाठी ध्यानात असू द्या.

आता मुख्य गोष्ट. इथून पुढे मी आणे लावणार नाही.

२०१८ चा उन्हाळा. लॅबचा इन्चार्ज निवृत्त होणार होता आणि त्याच्या खुर्चीत तामोरेबाई बसणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. बाईंचा एक नियम होता. रोज सकाळी हात ताजे असताना आधी ब्लँक करायचा. त्यांची सोड्याची बाटली त्यांनी स्वतः भरलेली असे, ती दिवसभर पुरे, आणि सकाळचा ब्लँक दिवसभर चाले. चार वर्षांत त्यात कधी उन्नीस-बीस झालं नाही.

त्या मंगळवारी गोळ्या तयार व्हायला उशीर झाला. नमुना दुपारी दोनला आला. बाईंनी तपासला. औषध पंच्याण्णव टक्क्यांच्या वर हवं, आलं चौऱ्याण्णव. पुन्हा केलं, पुन्हा चौऱ्याण्णव. दोनदा तोच आकडा म्हणजे शंकेला जागा नाही. बाईंनी वहीत लिहिलं, सही केली, बॅच अडली.

औषध कमी, म्हणजे पावडर कमी पडली. पावडर तोलून द्यायचं काम देवजी धोडी करायचा. सायवनच्या पुढच्या एका पाड्यावरचा माणूस, चाळिशीचा, ठेकेदारामार्फत कामाला होता. कमी बोलायचा, काम चोख. मेहतासाहेबांनी त्याला बोलावून पाच मिनिटांत निकाल लावला. "पावडर कुठे गेली? घरी नेली? विकली?" देवजी म्हणाला, "मी बरोबर तोलली." साहेबांनी बाईंची वही पुढे केली. "मग ही बेन खोटं लिहिते का?" बुधवारपासून त्याला गेटवर अडवलं. त्याच्या पाड्यावरचे आणखी चारजण आमच्याकडेच कामाला होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिकडे बातमी पोचली की देवजी औषध चोरताना सापडला.

बुधवारी बाई रजेवर होत्या. गुरुवारी सकाळी त्या नेहमीप्रमाणे पाटावर चढल्या, ब्लँक सुरू केला, आणि आकडा जिथे थांबायचा तिथे थांबेना. रंग जाईना. पावणेदोन मिली जास्त ॲसिड गेलं तेव्हा कुठे गेला. बाई पाटावरून उतरल्या नाहीत. तिथूनच सगळ्या लॅबला विचारलं, "माझ्या बाटलीत कोणी काय घातलं?"

मी. आता लिहिताना तरी सांगायला हवं. मंगळवारी साडेबाराला मला सोडा हवा होता. बाईंच्या बाटलीत तळाशी उरलेला मी संपवला, आणि बाईंना त्रास नको म्हणून नव्या कॅनमधून बाटली भरून ठेवली. भरून ठेवली म्हणून स्वतःची पाठही थोपटली. नवा सोडा जुन्यापेक्षा थोडा तेज होता. नियमात बसणारा, पण तेज. म्हणजे सकाळचा ब्लँक जुन्या सोड्याचा आणि दुपारचं औषध नव्या सोड्यात. वजाबाकी दोन वेगळ्या बाटल्यांची. देवजीनं तोललेलं कणभरही कमी नव्हतं.

मी हे अडखळत सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्याच बाटलीतून एक ब्लँक आणि एक औषध शेजारी शेजारी उकळायला ठेवलं. आलं नव्व्याण्णव.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी साहेबांना सांगतो."

"बाटली तू भरलीस. पण सकाळचा ब्लँक दुपारी चालतो हे कोणी ठरवलं? नमुना दोनला आला तेव्हा मी पुन्हा ब्लँक करायला हवा होता. मला कंटाळा आला नव्हता रे, मला खात्री होती. ते जास्त वाईट." त्यांनी चष्मा पुसला. "आणि एका चुकीला दोघांची नावं लावली की ती कोणाचीच राहत नाय."

बाई मेहतासाहेबांकडे गेल्या. मी दाराशी उभा होतो, दार उघडं होतं. साहेब आकडा ऐकून खूश झाले. "नव्व्याण्णव? वाह! बॅच पास. जुना कागद फाडू, नवा करू."

"वहीचं पान फाडता येत नाय, साहेब. चूक झाली ते लिहावं लागेल."

"बेन, पंधरा दिवसांवर ऑडिट आहे. लिहू की नमुना नीट मिसळला नव्हता. कुणाचं नाव नाही, काही नाही."

"नमुना नीट होता. आणि देवजी?"

"त्याचं काय? ठेकेदार दुसरा माणूस देईल. आपण त्याला चोर म्हटलं नाही लेखी."

"तोंडी म्हटलं. माझी वही दाखवून म्हटलं."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "तामोरेबेन, पुढच्या महिन्यात इन्चार्जचं नाव मला वर कळवायचं आहे. लॅबची एवढी मोठी चूक ज्याच्या सहीनं, त्याचं नाव मी कसं पाठवू? तुम्हीच सांगा."

"नका पाठवू," बाई म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढून त्यांच्याच पेनानं लिहिलं. काय झालं, कधी झालं, कोणाच्या नियमामुळे झालं. खाली देवजी धोडीनं तोललेलं वजन बरोबर होतं हे वेगळ्या ओळीत. सही, तारीख, वेळ. मग पेनाचं टोपण लावून परत दिलं.

शुक्रवारी त्यांना मेमो मिळाला. शनिवारी बदलीचा कागद. सोमवारपासून कंपनीच्या सिल्वासाच्या गोदामात, आलेल्या मालाच्या गोण्या मोजायला. कागद घडी करून पर्समध्ये टाकताना त्यांनी एकच विचारलं, "देवजीला कोण सांगणार?"

ठेकेदार म्हणाला, फोन लागत नाही, तिकडे रेंज नाही, आणि तो रविवारी बायकोला घेऊन गुजरातकडे बोटीच्या कामावर चाललाय, टेम्पो ठरलाय.

रविवारी सकाळी सात वाजता बाई डहाणू स्टेशनबाहेर माझ्या मोटारसायकलपाशी उभ्या होत्या. "बघतोस काय? काढ गाडी." कासा मागे टाकलं आणि रस्ता संपून नुसते खड्डे उरले. ते चुकवता चुकवता मी दोनदा दादरा-नगर हवेलीत जाऊन परत आलो असेन. बाई एका बाजूला पाय टाकून बसलेल्या, एक हात माझ्या खांद्यावर, आणि दर दोन मिनिटांनी कानात, "टेम्पो सुटेल. जरा रेट."

टेम्पो आला नव्हता. अंगणात गाठोडी बांधून ठेवली होती. देवजी दोरी आवळत होता. आम्हाला पाहून त्यानं दोरी सोडली नाही. त्याची बायको पुढे आली.

"आता कशाला आलीस? अजून काय राहिलंय? माझ्या पोरीला चोराची म्हनतात इथं."

बाईंनी चपला काढल्या, का कोण जाणे. "चूक माझी होती. त्यानं बरोबर तोललं होतं. माझं मोजणं चुकलं. तसं लिहून दिलंय मी. बुधवारी कामावर यायचं त्यानं, गेटवर नाव दिलंय."

देवजीनं आता दोरी सोडली. मग म्हणाला, "मला म्हाईत होतं मी कमी नाय तोललं. पन तुझ्या वहीत लिवलेलं. मंग मलाच वाटाय लागलं, काय म्हाईत, कमीच तोललं असंल."

हे ऐकून बाईंनी मान खाली घातली.

देवजीची बायको मात्र तशीच उभी. "आमाला कशाला सांगतेस? त्याला म्हाईत, मला म्हाईत. ज्यांना नाय म्हाईत त्यांना सांग."

"किती घरं आहेत?"

"एकवीस. तिकडं टेकाडावर चार."

"चहा मग पिते," बाई म्हणाल्या आणि चपला न घालताच निघाल्या.

गाठोडी नंतर सोडली गेली, देवजी बुधवारी कामावर आला, ते मी पाहिलं. बाईंना मात्र त्या दिवसानंतर मी पाहिलं नाही. त्या सिल्वासाला गेल्या, २०१९ मध्ये मीही कंपनी सोडली. म्हणून माझ्याकडे त्यांचं जे शेवटचं आहे ते त्या सकाळचं.

मी गाडीपाशी थांबलो होतो. बाई एकेका दारात जात होत्या. घरातलं माणूस बाहेर येई, बाई दोन वाक्यं बोलत, पुढच्या दाराकडे वळत. कुठे कोणी बसायला सांगे, त्या हातानंच नाही म्हणत. काही ठिकाणी लोक हसले. एका ठिकाणी पुरुष काहीतरी वेडंवाकडं बोलला असावा, कारण बाई तिथे दोनदा बोलल्या. ऊन चढत होतं, पाठीवर पदर घामानं चिकटला होता. टेकाडावरची तीन घरं झाली. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिला ऐकू येत नव्हतं. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि तो सहा फुटी आवाज खालपर्यंत आला.

"देवजीनं चोरी नाय केली! चूक माझी होती!"

म्हातारीनं कानाला हात लावला. "कोनाची?"

"माझी!"

"आं? कोनाची?"

"माझी, आजी, माझी!"

खाली अंगणांतून एकवीस घरं बाहेर येऊन उभी होती. बाईंनी वळून पाहिलं नाही. म्हातारीनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.